सतरा वर्षांचा डावा हात

अमेरिकन बेसबॉलमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो. देशभरातल्या शाळा-कॉलेजांतली मुलं एका यादीत येतात आणि व्यावसायिक क्लब पाळीपाळीने आपापला खेळाडू उचलतात. ही पद्धत १९६५ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत यादीतला अगदी पहिला मान शाळकरी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, फक्त तीनदा मिळाला: १९७३, १९९१ आणि २०१४ मध्ये. तिघेही डावखुरे. आणि तिघांपैकी एकाच्याही आयुष्यात, लोकांनी जे होईल म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं, ते झालं नाही.

त्यांना निवडणारी माणसं अडाणी नव्हती. आयुष्यभर मैदानाच्या जाळीमागे बसून मुलांचे खांदे, कोपर आणि मनगटं पाहिलेली माणसं होती ती. त्यांनी जे पाहिलं ते खरंच तिथे होतं. मग नजर कुठे कमी पडली?

डेव्हिड क्लाइडपासून सुरुवात करते, कारण त्याची गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. ह्यूस्टनचा मुलगा. शाळेच्या शेवटच्या वर्षी अठरा सामने जिंकला, एकही हरला नाही. टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्या काळी रेंजर्सच्या मैदानावर फारसं कुणी फिरकत नसे आणि मालक बॉब शॉर्ट यांना तिकिटं खपायला हवी होती. २७ जून १९७३ ला, म्हणजे शाळेतला शेवटचा सामना होऊन महिनाही उलटला नव्हता तेव्हा, अठरा वर्षांच्या क्लाइडला थेट मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या लीगच्या, माउंडवर उभं केलं. पिचर जिथून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा म्हणजे माउंड. मैदान पहिल्यांदाच पूर्ण भरलं. पस्तीस हजारांहून जास्त माणसं आली आणि रस्त्यांवर गाड्या अडकल्यामुळे सामना उशिरा सुरू करावा लागला. पहिल्या दोन फलंदाजांना त्याने वॉक दिले. चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. पुढच्या तिघांना त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी, सामन्यात अशा नऊ. पाच इनिंग्जमध्ये एकच हिट, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक. सामना जिंकला. मैदान डोक्यावर घेतलं गेलं.

त्या आकड्यांकडे शांतपणे पाहिलं तर सगळं त्यातच लिहिलेलं आहे. एक हिट आणि आठ स्ट्राइकआउट सांगतात की हात विलक्षण आहे. सात वॉक सांगतात की हा मुलगा अजून तयार नाही, याला दोन-तीन वर्षं खालच्या लीगमध्ये, कुणी बघत नसेल अशा मैदानांवर काढू द्या. आधीचा बेतही तसाच होता: एक-दोन सामने खेळवायचे आणि मग मायनर लीगमध्ये पाठवायचं. पण तिकिटं खपत होती, आणि तो वरच राहिला. मेजर लीगमधली त्याची एकूण कमाई अठरा विजय आणि तेहेतीस पराभव. तिथला शेवटचा सामना १९७९ साली, चोविसाव्या वर्षी.

दुसरा ब्रायन टेलर, नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या ब्युफोर्ट गावचा. १९९१ साली न्यूयॉर्क यांकीजने त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या भांडणात पडला, डाव्या खांद्यावर आपटला, आणि तो खांदा पुन्हा कधी तसा चालला नाही. तिसरा ब्रॅडी एकन, सॅन दिएगोचा. २०१४ साली ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला निवडलं, वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका आली, देऊ केलेली रक्कम कमी केली गेली आणि करार फिसकटला. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. टेलर आणि एकन दोघांनीही मेजर लीगचा एक चेंडू टाकला नाही.

डावखुऱ्या पिचरची भुरळ पडते ती उगाच नाही. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, पण मेजर लीगच्या पिचर्समध्ये चारांत एक किंवा त्याहून थोडे जास्त. म्हणजे प्रत्येक क्लबला आपल्या वाट्यापेक्षा जास्त डावखुरे हवे असतात आणि जन्माला तर तेवढे येत नाहीत. डावखुऱ्या फलंदाजाला डाव्या हातातून येणारा चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटतो. तसे हात तो कमी पाहत आलेला असतो, त्यामुळे नजर बसत नाही. शिवाय डावखुरा पिचर चेंडू टाकायला उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं. तिथला धावपटू दोन पावलं पुढे सरकला तरी थेट डोळ्यांत भरतो. या सगळ्यामुळे वेगात ताशी एक-दोन मैल कमी असले तरी डावखुऱ्याला माफ असतं. उजव्या हाताच्या मुलाला ती सवलत नाही.

पण बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळतात, आणि त्यांना डावखुऱ्याचा चेंडू हातातून सुटल्यापासून स्वच्छ दिसतो. फास्टबॉल, म्हणजे वेगाचा चेंडू, आणि कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, एवढ्या भांडवलावर शाळेत सगळ्यांना गुंडाळता येतं, वर नाही. तिथे तिसरा चेंडू लागतो, आणि डावखुऱ्याच्या बाबतीत तो बहुधा चेंजअप असतो: हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, पण चेंडू सात-आठ मैलांनी किंवा त्याहून हळू येतो आणि शेवटी उजव्या फलंदाजापासून दूर सरकतो. शाळकरी मुलं चेंजअप टाकायला नाखूश असतात, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या फलंदाजाला हळू चेंडू देणं म्हणजे त्याच्यावर उपकार. त्यामुळे ज्या चेंडूवर त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरणार, तोच बघणाऱ्याला सगळ्यांत कमी बघायला मिळतो. म्हणून मी सामन्याआधी बुलपेनजवळ, पिचर हात गरम करतात त्या जागेजवळ, जाऊन उभी राहते. तिथे हरायची भीती नसते, मुलं मनातले चेंडू टाकून बघतात.

मी न्यू जर्सीत राहते. एप्रिल-मेमध्ये शाळांचे सामने असतात. थंडी पूर्ण गेलेली नसते, पालक घोंगड्या घेऊन फळ्यांवर बसलेले असतात. उन्हाळ्यात ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचे सामने बघते. यांकीजचा हा डबल-ए संघ, म्हणजे मेजर लीगपासून दोन पायऱ्या खाली. एकाच वर्षात दोन्हीकडचे सामने बघितले की डोळ्यांना एक मोजमाप मिळतं. शाळेतला सगळ्यांत भारी मुलगा आणि डबल-एमधला सर्वसाधारण पिचर यांच्यात केवढं अंतर आहे, ते कुठल्याही कागदापेक्षा इथे नीट कळतं.

या वसंतात मी ज्याला बघत होते तो आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीचा मुलगा. सतरा वर्षांचा, उंच, खांदे रुंद आणि अंगावर मांस नाही. स्काउट मंडळींना, म्हणजे क्लबांसाठी मुलं हेरणाऱ्यांना, अशी अंगकाठी आवडते, कारण अजून वजन चढायला जागा आहे आणि वजनाबरोबर वेग चढेल असा हिशेब असतो. सध्या त्याचा फास्टबॉल शहाऐंशी ते अठ्ठ्याऐंशी मैलांवर असतो. आपल्या हिशेबात ताशी १३८ ते १४२ किलोमीटर. जाळीमागे एक-दोन रडार गन असतातच. चेंडू ग्लोव्हमध्ये आपटला की मंडळी आधी गनवरच्या आकड्याकडे बघतात आणि मग मुलाकडे.

मी त्याच्या पायांकडे बघते. डावखुरा पिचर डाव्या पायाने रबराच्या पट्टीवरून रेटा देतो आणि उजवा पाय पुढे टाकतो. इनिंग संपून मुलं डगआउटकडे निघाली की माउंडवरच्या मातीत त्या उजव्या पायाची खूण राहते. पुढच्या इनिंगआधी समोरच्या संघाचा पिचर येऊन ती बुजवतो, तेवढ्यात ती बघून घ्यायची. खूण एकच असेल, खोल आणि कडा धारदार, तर मुलगा प्रत्येक वेळी त्याच जागी उतरतो आहे. खूण पसरट असेल, दोन-तीन खड्डे एकमेकांत मिसळलेले असतील, तर त्याचं शरीर अजून एक चाल पक्की करू शकलेलं नाही, आणि हातही दर वेळी वेगळ्या जागेतून चेंडू सोडतो आहे.

याची खूण पहिल्या दोन इनिंग्जमध्ये चांगली एकसंध असते. चौथ्या इनिंगला ती तिसऱ्या बेसच्या बाजूला घसरत जाते. पाय थकतात, अंग लवकर उघडतं, हात मागे राहतो. मग फास्टबॉल वर-वर जायला लागतो. एका सामन्यात त्याने चौथ्या इनिंगला ओळीने दोन वॉक दिले. कॅचर उठून त्याच्याकडे गेला, दोघं काहीतरी बोलले. पुढचे तीन चेंडू त्याने पूर्ण जोर न लावता टाकले, गनवर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी दिसले असतील. तिन्ही चौकटीच्या खालच्या भागात. फलंदाजाने तिसरा जमिनीवर मारला आणि डबल प्ले झाला, एका फटक्यात दोन बाद. गनवाल्यांपैकी एकाने तोवर गन पिशवीत ठेवली होती. त्या सबंध संध्याकाळी मला त्या मुलात सगळ्यांत मोलाचं काही दिसलं असेल तर ते हेच. सतराव्या वर्षी, लोक बघत असताना, स्वतःहून वेग कमी करायला धाडस लागतं.

स्काउटांची मोजपट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी, ६० म्हणजे चांगला, ७० म्हणजे फार चांगला, आणि ८० क्वचित कुणाला मिळतो. प्रत्येक चेंडूला वेगळे गुण, चौकटीत टाकण्याच्या ताब्याला वेगळे. ५० हा मेजर लीगचा सरासरी आहे, शाळेचा नव्हे, हे पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या फास्टबॉलला आज ३५-४० मिळाले तर आई-बापांचे चेहरे उतरतात. खरं तर जगातल्या सर्वोत्तम लीगच्या सरासरीशी तुलना करून त्याला ते मिळालेले असतात, आणि हे कौतुक आहे.

त्या कागदावर प्रत्येक गोष्टीसमोर दोन आकडे असतात: आजचा आणि पुढचा. आज ४०, पुढे ५५. मला वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलंय ते या दोन आकड्यांमधल्या पंधराने. ते कुठून येणार? कागदावर ते मुलाच्या नावासमोर लिहितात, जणू ते त्याच्या खांद्यात आधीच भरून ठेवलेले आहेत आणि काळ गेला की बाहेर येतील. मी जितक्या डावखुऱ्यांचा इतिहास वाचला तितकी माझी खात्री होत गेली की त्या पंधरातले निम्मे मुलाचे असतात आणि निम्मे त्याला हातात घेणाऱ्यांचे. मुलाला जोखताना त्याला घेणाऱ्या क्लबालाही जोखायला हवं, आणि त्याचा रकाना कुठल्याच कागदावर नसतो.

सँडी कोफॅक्स बघा, पुढे सर्वांत थोर डावखुऱ्या पिचर्समध्ये गणला गेलेला. ब्रुकलिनचा पोरगा, सिनसिनाटी विद्यापीठात गेला तो मुळात बास्केटबॉलसाठी. तिथे बेसबॉल संघातून १९५४ साली बत्तीस इनिंग्ज टाकल्या, त्यांत एक्कावन्न स्ट्राइकआउट आणि तीस वॉक. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सने त्याच्याशी चौदा हजार डॉलरच्या बोनसवर करार केला. तेव्हा नियम होता की चार हजारांहून जास्त बोनस घेणाऱ्या नवख्याला दोन वर्षं मेजर लीगच्याच संघात ठेवावं लागेल. त्याला जागा करून द्यायला डॉजर्सनी दुसऱ्या एका डावखुऱ्या पिचरला खाली पाठवलं. तो टॉमी लसोर्डा, पुढे याच क्लबचा नामांकित मॅनेजर झाला.

कोफॅक्स राहिला, पण बसून राहिला. पहिल्या वर्षी जेमतेम बारा सामन्यांत चेंडू हातात आला. जी चुकत-माकत शिकायची वर्षं मायनर लीगमध्ये घालवायची, ती बाकावर गेली. पहिल्या सहा मोसमांत छत्तीस विजय, चाळीस पराभव. १९५८ मध्ये एकशे एकोणसाठ इनिंग्जही पुऱ्या न टाकता एकशे पाच वॉक. १९६० संपताना खेळ सोडावा असं त्याच्या मनात आलं होतं. मग १९६१ च्या वसंतात, ऑरलँडोतल्या एका सराव सामन्यात, कॅचर नॉर्म शेरी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला की इतका जोर लावू नकोस, त्यांना मारू दे. त्याने जोर कमी केला आणि चेंडू तरीही तितकाच जळजळीत जात राहिला, फक्त आता हवा तिथे. त्या मोसमात अठरा विजय आणि दोनशे एकोणसत्तर स्ट्राइकआउट, नॅशनल लीगचा तेव्हाचा विक्रम. मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. पुढच्या पाच वर्षांबद्दल इथे लिहायची गरज नाही. बेसबॉल बघणारा कुणीही ती पाठ म्हणून दाखवेल.

या गोष्टीचं तात्पर्य म्हणून लोक 'थांबा, डावखुरे उशिरा फुलतात' असं सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. कोफॅक्सला थांबवून ठेवलं ते नियमाने, कुणाच्या समजुतीने नाही. आणि नुसतं थांबवून ठेवणं पुरलंही नाही. ज्या दिवशी त्याच्या एका सहकाऱ्याने त्याच्याशी नीट बोलण्याची तसदी घेतली, त्या दिवशी फरक पडला. सहा वर्षं तो ज्यांच्या ताब्यात होता, त्यांच्याकडे ते वाक्य नव्हतं का? होतं, असं मला वाटतं. पण बाकावरच्या मुलाला ऐकवून उपयोग नसतो. ज्याला नियमितपणे चेंडू हातात मिळतो, त्यालाच सल्ला लागू पडतो.

रँडी जॉन्सनचं उदाहरण याहून बोलकं आहे. सहा फूट दहा इंच उंची, १९८५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत माँट्रिअलने घेतलेला. एवढ्या लांब हातापायांची एकच चाल दर वेळी जुळवायची म्हणजे फार अवघड काम. १९८९ मध्ये माँट्रिअलने त्याला सिॲटलला देऊन टाकलं. तिथे १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षं अमेरिकन लीगमधले सर्वांत जास्त वॉक त्याच्या नावावर. १९९१ मध्ये एकशे बावन्न. सिॲटलने त्याला काढलं नाही आणि बाकावरही बसवलं नाही, पाळी आली की चेंडू हातात दिला. १९९२ च्या उन्हाळ्यात रेंजर्सचा नोलन रायन आणि तिथला पिचिंग कोच टॉम हाउस, म्हणजे चक्क प्रतिस्पर्धी क्लबची माणसं, त्याच्याशी बोलली. पुढचा पाय टाचेवर उतरतोय, तो चवड्यावर उतरव, म्हणजे अंग बाजूला न कलंडता सरळ फलंदाजाकडे जाईल. १९९३ मध्ये तीनशे आठ स्ट्राइकआउट आणि वॉक शंभराच्या आत. जॉन्सन तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. शेवटी तीनशे तीन विजय आणि पाच साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा मान. मी माउंडवरची खूण बघायला लागले ती त्याच्याबद्दल वाचल्यावर.

हाच टॉम हाउस पुढे आपल्याकडच्या एका डावखुऱ्याला शिकवणार होता. रिंकू सिंग, क्रिकेटमधला नव्हे. उत्तर प्रदेशचा, डाव्या हाताने भाला फेकणारा. २००८ साली भारतात जोरात चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. हजारो मुलांतून तो पहिला आला, ताशी सत्त्याऐंशी मैल वेगाने. त्याआधी त्याने बेसबॉल हातातही धरला नव्हता. दिनेश पटेलसोबत तो कॅलिफोर्नियाला गेला, हाउसकडे शिकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनाही पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. ४ जुलै २००९ ला रिंकू अमेरिकन व्यावसायिक सामन्यात उतरला. असा उतरलेला तो पहिला भारतीय.

त्याच्याकडे बघताना जोखण्याच्या धंद्यातलं सगळं उघडं पडतं. त्याच्याजवळ फक्त हात होता. धावपटू बेसवर असताना काय करायचं, बंट, म्हणजे बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू, आला तर कुठे पळायचं, फलंदाज कुठल्या चेंडूची वाट बघतोय, हे जे अमेरिकन पोरगं आठव्या वर्षापासून अंगवळणी पाडतं, ते त्याला विसाव्या वर्षी सुरू करायचं होतं. पायरेट्सनी त्याला खरोखर वेळ दिला. तो एकेक पायरी चढत वेस्ट व्हर्जिनियाच्या मायनर लीग संघापर्यंत गेला. मग दुखापती आल्या, कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा माउंडवर स्थिरावू शकला नाही. पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. समजूतदार माणसं मिळाली, वेळ मिळाला, तरी कोपर साथ देईलच असं नाही. त्याच्या प्रवासाला अपयश म्हणायला मात्र मी तयार नाही. शून्यातून सुरू करून तो जिथवर गेला, तिथवर जाणारे अमेरिकेतसुद्धा हजारांत मोजके.

कोपराचा विषय निघालाच आहे तर, ज्या शस्त्रक्रियेचं नाव आता शाळकरी मुलांनाही पाठ असतं ती टॉमी जॉन शस्त्रक्रिया ज्याच्यावर पहिल्यांदा झाली, तो टॉमी जॉनही डावखुरा पिचर. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७६ मध्ये तो परतला आणि त्यानंतर आणखी एकशे चौसष्ट सामने जिंकला. या यशाचा एक विपरीत परिणाम असा झाला की कोपर गेलं तरी दुरुस्त होतं, असं लोक धरून चालू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचर्सच्या दुखापतींवर एक मोठा अहवाल काढला. वेगाचा ध्यास, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय, ही मुख्य कारणं त्यात दिली आहेत. आणि हे लोण शाळेपर्यंत पोचलं आहे. गन घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण मुलं त्या गनसाठीच जोर लावतात.

गनला जे दिसत नाही त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मार्क बर्ली. शाळेच्या संघातून वगळला गेलेला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये अडतिसाव्या फेरीत शिकागो व्हाइट सॉक्सने घेतला. वेग साधारण, पण चेंडू हवा तिथे, एकामागून एक, झटपट. सलग चौदा मोसम दोनशेहून जास्त इनिंग्ज, दोनशे चौदा विजय, आणि जुलै २००९ मध्ये एक परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही परत गेले. आता ड्राफ्ट वीसच फेऱ्यांचा असतो. आजच्या बर्लीला कुणीतरी फोन करेल का, याची मला शंका आहे. टारिक स्कूबलसुद्धा २०१८ मध्ये नवव्या फेरीपर्यंत राहिला होता, कारण कॉलेजात असतानाच त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली होती. डेट्रॉइटने घेतला. २०२२ मध्ये पुन्हा हात चिरावा लागला, तरी क्लबने घाई केली नाही. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला.

मोसम संपल्यावर मैत्रिणीने मला घरी बोलावलं. साबुदाण्याची खिचडी झाली, चहा झाला, आणि मग ती मुद्द्यावर आली. "तू इतकी वर्षं बघतेस. खरं सांग, याच्यात आहे का काही?" मुलगा जिन्यात बसून ऐकत होता.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. फास्टबॉल आज ३५, अंग भरलं तर पुढे ५०. कर्व्हबॉल चांगला आहे, त्याच्यापाशी आज सगळ्यांत पुढे तोच आहे. चेंजअप बुलपेनमध्ये तीनांत एक सुरेख पडतो, सामन्यात मात्र तो टाकतच नाही. पाय चौथ्या इनिंगला थकतात. हा दोष नाही, वय आहे. ड्राफ्टमध्ये यंदा कुणी घेणार नाही आणि घेतलं तरी मी जा म्हणणार नाही. कॉलेजला जा.

"मावशी, पण त्या डबल प्लेच्या वेळी तू बघितलंस ना?" जिन्यातून आवाज आला.

बघितलं होतं, आणि तेही सांगितलं. त्यासाठी मोजपट्टीवर आकडा नाही, पण माझ्या वहीत ते सगळ्यांत वर लिहिलेलं आहे. त्या वेळी त्याने जे केलं ते कोफॅक्सला पंचविसाव्या वर्षी कुणीतरी सांगावं लागलं. त्याचं तोंड उजळलं, आणि आईचं अजिबात नाही. तिला पुढचं हवं होतं. कॉलेजांची पत्रं आलेली होती. प्रत्येकाने त्याच्या हाताची तारीफ केली होती, एकाने तर पहिल्याच वर्षी खेळवू असं कबूल केलं होतं.

त्या कबुलीवर मी हरखले नाही. मला क्लाइड आठवत होता. पहिल्याच वर्षी खेळवणं त्या कॉलेजच्या गरजेतून आलं आहे की मुलाच्या, हे विचारायला हवं. आम्ही दोघींनी मिळून कोचला विचारायचे प्रश्न कागदावर लिहिले. उन्हाळ्यातल्या लीगमध्ये कुणासाठी आणि किती टाकायचं, हे कोण ठरवणार? एका सामन्यात जास्तीत जास्त किती चेंडू? सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी मेजर लीगने आणि यूएसए बेसबॉलने घालून दिलेली मर्यादा एकशे पाचची आहे, तुमची किती? चेंजअप शिकताना तो सामने हरला तर त्याची पाळी जाणार का? पिचिंग कोच किती वर्षं तिथे आहे? आणि मागच्या चार वर्षांत तुम्ही घेतलेले डावखुरे आज कुठे आहेत, त्यांतल्या कितींच्या कोपराला टाके पडले?

हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, म्हणून तो खाली ठेवूया, असं मी म्हणत होते. मैत्रिणीने पेन माझ्या हातातून घेतलं, त्याला गोल केला आणि बाण काढून तो सगळ्यांत वर नेला. पहिल्या कॉलेजची भेट येत्या शनिवारी आहे, आणि ती म्हणाली की उत्तरात नुसते आकडे मिळाले तर ती त्या मुलांची नावंही मागणार आहे, त्यांच्या आयांना फोन करायला.